संत्रा लावला आणि जंभेरी लागली: झाड नेमकं कोणतं, ते ओळखायच्या तपासण्या

परसबागेतल्या झाडांची छाटणी आणि कलमांची कामं मी नागपुरात करतो. धरमपेठेतलं जुन्या बंगल्याचं आवार असो की मानेवाड्याकडचा नवा प्लॉट, एक तक्रार दरवर्षी येतेच. "भाऊ, संत्र्याचं कलम आणून लावलं होतं, चार वर्षं पाणी घातलं, अन् आता हे काय लागलं जी?" हातात पिवळं, खडबडीत सालीचं, टोकाला बोंडी आलेलं फळ असतं आणि रस दात आंबवणारा. ही जंभेरी, म्हणजे ज्या आंबट लिंबूवर्गीय झाडाच्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते झाड. तोवर घरच्यांनी शेणखत, पोटॅश, गूळपाणी असं सगळं घालून पाहिलेलं असतं.

हे दुखणं खताचं नाही. बहुतेक वेळा त्या आळ्यात संत्रा उरलेलाच नसतो, किंवा एकाच खोडावर दोन वेगळी झाडं वाढत असतात. याच्या उलटही होतं आणि ते मला जास्त लागतं. झाड खऱ्या संत्र्याचं असतं, पहिल्या बहाराची फळं जाड सालीची निघतात, आणि जंभेरी समजून चांगलं झाड मुळासकट काढलं जातं. म्हणून कुऱ्हाड हातात घेण्याआधी खालच्या तपासण्या करा, आणि दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही, फक्त झाडाजवळ खाली बसायची तयारी लागते.

लक्षणं

यातलं एक जरी तुमच्या झाडावर दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे:

– फळ आंबट, साल खडबडीत आणि खाचखळग्यांची, बिया पुष्कळ.
– झाडाच्या एका बाजूला संत्री, दुसऱ्या बाजूला वेगळीच फळं.
– फळ दिसायला लहान संत्र्यासारखं, केशरी, सोलायला सोपं. चव मात्र लिंबाची.
– झाड भराभर उंच गेलं, काटे भरपूर, पण पाच वर्षं झाली तरी गोड फळ एकही नाही.
– कलम एका उन्हाळ्यात वाळलं होतं, पावसाळ्यात पुन्हा फुटलं आणि तेव्हापासून जोमात आहे.

शेवटची गोष्ट लोक आपणहून सांगत नाहीत. झाड वाचलं याचा आनंद झालेला असतो, त्यामुळे ती तक्रारीत येतच नाही. मी मात्र ती सगळ्यात आधी विचारतो.

एका खोडावर दोन झाडं येतात कशी

आपल्याकडे संत्र्याची बाग बियांच्या रोपांवर सहसा उभी करत नाहीत. रोपवाटिकेत आधी जंभेरीचं किंवा रंगपूर लाईमचं (हेही आंबट फळाचं लिंबूवर्गीय झाड) बी पेरतात. रोपाचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला इंग्रजी टीच्या आकाराची चीर देऊन तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला अंकुर, बसवतात. डोळा लागला की वरचा जंभेरीचा शेंडा कापून टाकतात. म्हणजे मुळं आणि खालचं वीतभर खोड खुंटाचं (ज्यावर डोळा बांधला त्या रोपाचं), त्यावरचं सगळं झाड संत्र्याचं. वरूड, मोर्शी, शेंदूरजनाघाट या पट्ट्यातल्या रोपवाटिका हेच काम करतात, आणि काटोल-नरखेडच्या बागांपासून शहरातल्या अंगणापर्यंत हीच कलमं पोचतात.

खुंट वापरण्याला कारण आहे. जंभेरीची मुळं जोमदार, ती पाण्याचा ताण सोसतात. रंगपूर लाईम डिंक्या रोगापुढे (यात बुंध्यातून डिंक गळतो आणि साल कुजते) जंभेरीपेक्षा जास्त टिकतं. पण खुंट हेही जिवंत झाड आहे आणि त्याच्या सालीत स्वतःचे सुप्त डोळे असतात. वरचा संत्रा अशक्त झाला की ते डोळे फुटायला लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना आळं चार दिवस कोरडं राहिलं, डोळ्यावर बांधलेली प्लास्टिकची पट्टी वेळेवर न सोडल्याने ती खोडात रुतली, बकरीनं शेंडा खाल्ला, उधई लागली, यातलं काहीही पुरतं. जूनचा पाऊस पडतो, खालून लसलशीत फुटवा येतो, आणि घरचे प्रेमानं त्यालाच जपतात. तो जंभेरीचा असतो.

या झाडांचं एकमेकांशी साम्य वरवरचं नाही, हेही लक्षात ठेवा. जंभेरी आणि रंगपूर लाईम ही दोन्ही संत्रावर्गीय झाड आणि महाळुंग (जाड सालीचं मोठं लिंबूवर्गीय फळ) यांच्या संकरातून आली आहेत, असं जनुकीय अभ्यासातून दिसलेलं आहे. संत्र्याकडून त्यांना सुटी साल आणि पोकळ मध्य मिळाला. महाळुंगाकडून आंबटपणा आणि कोवळ्या शेंड्यावरची जांभळट छटा आली. "सोलायला सोपं म्हणजे संत्राच" हा समज म्हणूनच फसवतो. महाळुंगाकडून आलेल्या खुणा शोधणं हाच पुढच्या निम्म्या तपासण्यांचा गाभा आहे.

आधी थोडी विचारपूस

झाडाला हात लावण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवा. झाड कलमाचं की बियांचं? कधी वाळून पुन्हा फुटलं होतं का? आधी गोड फळ येत होतं का, की सुरुवातीपासून आंबटच?

आधी गोड आणि आता आंबट असेल तर संत्रा मेला आणि खुंट वर आला, किंवा दोन्ही शेजारीशेजारी आहेत. पहिल्यापासून आंबट असेल तर डोळा लागलाच नव्हता किंवा रोपच डोळ्याविना विकलं गेलं. घरी संत्रा खाऊन टाकलेल्या बियांतून आलेलं झाड असेल तर काळजी वेगळी आहे. नागपुरी संत्र्याच्या एका बीत बहुधा एकापेक्षा जास्त गर्भ असतात आणि त्यातली पुष्कळशी रोपं आईसारखीच निघतात. असं झाड काटेरी असतं आणि फळावर यायला कलमापेक्षा बरीच जास्त वर्षं घेतं. ते जंभेरी नाही. त्याला वेळ द्या.

फांदी कुठून निघाली ते बघा

एवढी एकच तपासणी करणार असाल तर ही करा. बुंध्याभोवतीची माती हातानं बाजूला करा. खुरपं लावलंच तर जपून, साल सोलली जाऊ देऊ नका. आता खोडावर डोळ्याचा सांधा शोधा. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर खोड किंचित वाकलेलं असतं, तिथे आडवी रेषा किंवा फुगवटा दिसतो, आणि वरच्या-खालच्या सालीचा पोत वेगळा वाटतो. डोळा ज्या बाजूला भरला त्याच्या वर, मूळ शेंडा कापल्याचा जुना व्रण भरून आलेला असतो.

सांधा सापडला की फांदीवर बोट ठेवून खाली खाली या. सांध्याच्या वरून निघालेली फांदी संत्र्याची. सांध्याच्या खालून किंवा थेट मातीतून आलेली फांदी खुंटाची, मग ती कितीही जाड आणि कितीही हिरवीगार असो. याला अपवाद नाही.

या तपासणीत दोन अडचणी येतात. पहिली, कलम लावताना सांधाच मातीत गाडलेला असतो. शहरातल्या प्लॉटवर हे फार दिसतं, कारण नंतर भरणाची माती किंवा मुरूम टाकला जातो. तेव्हा सांधा दिसेपर्यंत माती काढा आणि पुन्हा भरू नका. गाडलेल्या सांध्याला पावसाळ्यात ओल धरते आणि डिंक्याला वाट मिळते. दुसरी अडचण म्हणजे सांधा दिसतच नाही, खोड मुळापासून सरळसोट एकजीव. मग ते एकतर बियांचं झाड आहे किंवा संत्रा केव्हाच मरून खुंटच खोड झालेला आहे. बुंध्याशी बोटभर लांबीचा वाळलेला सड बाजूला चिकटलेला असेल तर तोच तुमचा संत्रा होता.

पान चुरगळा, मग देठ बघा

पूर्ण वाढलेलं जून पान घ्या. कोवळ्या पानावरून ठरवू नका. चुरगळून वास घ्या, आणि लगेच सांध्याच्या वरच्या नक्की संत्र्याच्या फांदीचं पान चुरगळून वास घ्या. संत्र्याच्या पानाला संत्र्याच्या सालीसारखा गोडसर वास येतो, जंभेरीच्या पानाला लिंबाचा तीक्ष्ण. एकटं पान हुंगून मन ठरत नाही, जोडीनं हुंगलं की फरक लगेच कळतो. आवारात खात्रीचा संत्रा नसेल तर ओळखीच्या बागेतून चार पानांची डहाळी आणा, ओल्या कापडात गुंडाळून. फोटोवरून वास येत नाही, आणि रंगही मोबाईलमध्ये बदलतो, म्हणून मी फोटो पाहून कुणाला "तोडा" असं सांगत नाही.

आता आकार. नागपुरी संत्र्याचं पान अरुंद, दोन्ही टोकांना निमुळतं, गर्द हिरवं. जंभेरीचं पान रुंद, फिकट हिरवं, आणि कडेवरून नख फिरवलं तर बारीक दाते लागतात. रंगपूर लाईमचं पान मंद, चकाकी नसलेलं हिरवं.

पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी हिरवी पट्टी असते, तिला पंख म्हणतात. ही खूण इतर लिंबूवर्गीय झाडं बाजूला काढायला उत्तम आहे. संत्र्याचा पंख जवळजवळ रेषेएवढा. मोसंबीचा अरुंद, पण दिसण्याजोगा. कागदी लिंबाचा अरुंद असूनही स्पष्ट, शिवाय पानं लहान. आंबट नारंगीचा रुंद, पपनसाचा सगळ्यात मोठा. महाळुंगाला पंख नसतोच, आणि देठ व पातं यांच्यामधला सांधाही नसतो. संत्र्याचं पान ओढलं तर पातं देठापासून सांध्यावर तुटतं, महाळुंगाचं तसं तुटत नाही. जंभेरीचा पंखही संत्र्यासारखाच अरुंद असल्यामुळे संत्रा आणि जंभेरी यांच्यातला निवाडा पंखावर करता येत नाही. तिथे वास, पानाची कड आणि पुढची खूणच उपयोगी.

एकाच देठावर तीन पानं दिसली तर ते या यादीतलं काहीच नाही. शहरात असं रोप निघालं तर बहुधा बेल असतो. तोही याच कुळातला, काटेरी, आणि लहानपणी खरंच फसवतो.

शेंडा आणि कळी

ही तपासणी फुकट आहे, पण हंगाम गाठावा लागतो. अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैत. त्या दिवसांत सकाळी झाडाजवळ जा आणि न उमललेली कळी बाहेरून बघा.

संत्र्याची आणि मोसंबीची कळी स्वच्छ पांढरी. जंभेरीच्या कळीवर आणि कोवळ्या शेंड्यावर फिकी जांभळट-तांबूस छटा असते. रंगपूर लाईमवर ती चांगलीच ठळक असते. रंगपूरच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त भरवसा या खुणेवर आहे. त्याचं फळ संत्र्यासारखं, साल संत्र्यासारखी, काटेही थोडेच आणि बारीक, पण शेंडा लपत नाही. संत्र्याच्या फांदीचा शेंडा शेजारी धरून बघा.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. जंभेरी आणि रंगपूर ही दोन्ही झाडं वर्षातून अनेकदा थोडी थोडी फुलत राहतात, त्यामुळे एकाच वेळी फुलं, हिरवी गोळी आणि पिकलं फळ असं सगळं दिसतं. संत्रा पाण्याचा ताण बसल्यावर एकदम फुलतो. मात्र घरच्या झाडाला रोज पाणी असतं, कुणी ताण देत नाही, त्यामुळे घरचा संत्राही अधूनमधून फुलू शकतो. म्हणून याला दुय्यम खूण माना.

काट्यांवर विश्वास ठेवू नका

काटे दिसले की लोक निकाल देऊन मोकळे होतात. खऱ्या संत्र्याच्या मुख्य फांदीवरून सरळ वर जाणारे जोमदार पाणसोट येतात, त्यांनाही काटे असतात. बियांच्या संत्र्यालाही असतात. आणि रंगपूर लाईमला काटे कमी असतात. काट्यांनी फक्त संशय घ्यावा, निर्णय फांदीच्या उगमावरून आणि पानावरून.

फळ कापून बघा

फळ हाती असेल तर आडवं कापा, देठ आणि टोक यांच्या बरोबर मध्ये.

जंभेरीची साल खोल खड्ड्यांची, उंचसखल, पिवळी ते पिवळट केशरी. टोकाला बोंडी, गर पिवळट, बियांचा भरणा. रंगपूर लाईमची साल पातळ, केशरी ते लालसर, गरही केशरी, रस भरपूर आणि कडक आंबट. नागपुरी संत्र्याला साधारण दहा-अकरा फोडी, साल सैल, बिया थोड्या. पोकळ मध्य तिघांतही सापडतो, म्हणून तो मोजू नका.

मोसंबी वेगळी काढणं सोपं आहे: साल गराला घट्ट, मध्य भरीव, फोडी सुट्या करताना फाटतात. तरीही शंका राहिली तर बी सोलून आडवं चिरा. संत्र्याच्या बीचा गाभा हिरवट, मोसंबीचा पांढरा. ही चाचणी मला फार आवडते, कारण सुकत आलेल्या फळावरही ती चालते. जंभेरी आणि रंगपूरच्या बीतही किंचित हिरवटपणा असतो, म्हणून त्यांच्यासाठी ती वापरू नका.

"पंजाबी संत्रा" म्हणून आणलेल्या कलमाला बियांनी भरलेलं, चकचकीत, जरा घट्ट सालीचं पण गोड-आंबट फळ आलं तर तो किन्नू असण्याची शक्यता मोठी. किन्नू हा कॅलिफोर्नियात एच. बी. फ्रॉस्ट यांनी किंग आणि विलो लीफ या दोन जातींच्या संकरातून काढला आणि तो १९३५ साली लागवडीसाठी बाहेर आला. पंजाबात ते मुख्य फळपीक आहे. त्यात बिघाड काही नाही, फक्त तुम्ही मागितलेली जात ती नव्हे.

जंभेरीचा संशय येतो, पण झाड संत्राच असतं

इथे जरा थांबून वाचा, कारण चांगली झाडं याच टप्प्यावर तोडली जातात.

कोवळ्या झाडाच्या पहिल्या-दुसऱ्या बहाराची फळं बरेचदा जाड सालीची, पोकळ आणि बेचव येतात. नत्र जास्त झालं, म्हणजे दर महिन्याला युरियाची मूठ पडत राहिली, तरी साल जाड होते. झाड आणि खत दोन्ही स्थिरावलं की फळ सुधारतं. शिवाय जंभेरीच्या खुंटावरच्या संत्र्याची वाढ जोमदार असते आणि फळ थोडं जाडसर, साखर थोडी कमी, असं होऊ शकतं. खुंटाचा प्रभाव इथपर्यंतच. खालच्या जंभेरीचा आंबट रस वर चढून संत्र्याचं लिंबू होतं, ही समजूत खरी नाही. फळ कोणत्या जातीचं, ते फांदी ठरवते.

दुसरं, रंग. अंबियाचं फळ ऑक्टोबरच्या सुमारास काढणीला येऊ लागतं, तेव्हा नागपूरच्या रात्री अजून थंड झालेल्या नसतात. केशरी रंग चढायला गार रात्री लागतात. त्यामुळे हिरवट सालीचा संत्रा आतून तयार असू शकतो, आणि घाईनं तोडलेला आंबट लागतो. एक फळ झाडावर आणखी तीन-चार आठवडे राहू द्या आणि मग चव घ्या. जंभेरी कितीही ठेवली तरी गोड होत नाही.

निकाल देताना निदान तीन खुणा जुळल्या पाहिजेत आणि त्यात फांदीचा उगम असलाच पाहिजे.

खुंटाचे फुटवे निघाले तर

फुटवा कोवळा, हिरवा असेल तर कात्री नको. अंगठ्याने खाली दाबून मुळापासून मोडून काढा. कापल्यावर बुडाशी राहिलेले डोळे पुन्हा फुटतात, मोडून काढल्यावर ते बहुतेक सोबत निघून येतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बुंध्याशी वाकून बघायची सवय ठेवली तर एवढंच पुरतं.

फुटवा लाकूड झालेला असेल तर धारदार आरीनं खोडालगत कापा, खुंटी ठेवू नका, आणि जखमेला बोर्डो मलम लावा. घरापुरतं प्रमाण: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. मिश्रणात स्वच्छ लोखंडी चाकू मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, चुन्याची थोडी निवळी आणखी घाला. हा मलम बुंध्यावर हात-दीड हात उंचीपर्यंत पावसाळ्याआधी आणि नंतर असा दोनदा लावला तर डिंक्यापासूनही बचाव होतो.

झाड निम्मं संत्रा आणि निम्मं जंभेरी असेल तर जंभेरीची बाजू एका दमात उडवू नका. खोडाला एकदम ऊन लागतं आणि साल भाजते. आधी अर्धी कापा, संत्र्याच्या बाजूला पालवी येऊ द्या, मग उरलेली. एप्रिल-मे तर टाळाच. संत्र्याची बाजू अगदीच दुबळी असेल, म्हणजे दोन-तीन काड्याच हिरव्या असतील, तर ती झाड पेलेल अशी आशा मी देत नाही.

संत्रा पूर्ण गेलेला असेल तर दोन वाटा आहेत. लहान झाड काढून नवं कलम लावणं सोपं. मोठं, निरोगी मुळांचं जंभेरीचं झाड असेल तर त्याच्याच नव्या फुटव्यावर हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, संत्र्याचा डोळा भरून घेता येतो. हे काम मात्र अनुभवी कलम बांधणाऱ्याकडूनच करून घ्या. डोळा कोणत्या झाडावरून घेतला यावर पुढची वीस वर्षं अवलंबून असतात, आणि रोगट झाडाचा डोळा भरला तर रोगही भरला जातो.

इथे हात थांबवा आणि जाणकाराला बोलवा

बुंध्यातून डिंक गळतोय, जमिनीलगतची साल कुजून सुटतेय आणि ती पट्टी खोडाच्या निम्म्या घेरापर्यंत गेली आहे. अशा झाडाची छाटणी घरी करू नका. पायकूज मुळांपर्यंत गेली आहे का, ते तज्ज्ञाने बघायला हवं.

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आहेत आणि मधल्या शिरेच्या दोन बाजूंना ते सारखे नाहीत. फळ लहान, एका बाजूला वाकडं, बिया पिचलेल्या, चव कडवट. हा जातीचा घोळ नसून सायला किडीमार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग असू शकतो. जस्ताच्या कमतरतेतही पान पिवळं पडतं, पण ते दोन्ही बाजूंना सारखं, शिरा हिरव्या ठेवून. डोळ्यांनी खात्री होत नाही, प्रयोगशाळेत तपासणी लागते. रोग बरा करणारं औषध नाही, म्हणून कुणी बाटली विकायला आलं तर पैसे घालवू नका, आणि त्या झाडाचा डोळा कुणालाही देऊ नका. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. आधी विचारून, सांगतील त्या पद्धतीनं पानांचा नमुना न्या. साध्या ओळखीसाठी महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातही विचारता येतं.

एकाच खेपेतली बरीच कलमं बागेत जंभेरी निघाली. हा आता झाडाचा प्रश्न राहिला नाही. एकही झाड उपटू नका. बिल, लेबल, लागवडीची तारीख आणि सांध्याचे फोटो एकत्र करा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. झाडं जागेवर उभी असली तरच पंचनामा होतो. फळझाडांची कलमं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे पुढच्या वेळी परवाना क्रमांक असलेलं बिल घेतल्याशिवाय कलम गाडीत चढवू नका.

जंभेरीची फांदी विजेच्या तारेत किंवा शेजाऱ्याच्या छतावर गेली असेल तर शिडी लावू नका. वीज कंपनीला कळवा, पुरवठा बंद झाल्यावरच काम करा.

नवं कलम घेताना

डोळा जमिनीपासून साधारण २२ ते २५ सेंटीमीटरवर भरलेला हवा. कमी उंचीचं कलम स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कारण पावसात उडालेली माती सांध्यापर्यंत पोचते. डोळ्यावरची पट्टी सुटलेली आहे का ते बघा, नसेल तर लावताना स्वतः सोडा. सांध्याखाली एकही हिरवा फुटवा नको. जुलै ते सप्टेंबरमध्ये लावा, दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवा, सांधा मातीच्या वर राहील असं बसवा आणि पहिली दोन वर्षं पाणी बुंध्याला न लागता कडेच्या आळ्यात जाईल अशी रचना करा. सांध्याच्या जरा वर खोडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. त्या रेघेखालून जे फुटेल ते काढायचं, एवढं घरातल्या प्रत्येकाला आणि माळ्याला सांगून ठेवा.